विश्लेषण : हुद्दा ‘मॅनेजर’चा, पण हाताखाली कुणी नाही, प्रॉडक्ट मॅनेजर नेमके काय करतो?

मुलचेरा तालुक्यातल्या शेतकऱ्याला आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर आधारभूत भावाने धान विकायचे, तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद असावी लागते. ही नोंद २०२१ पासून त्याने स्वतः मोबाइलवरून करायची आहे. बांधीत उभे राहून फोटो काढायचा, माहिती भरायची आणि पाठवायची. हे जमले नाही, की राग निघतो तो तलाठ्यावर, सेवा केंद्र चालवणाऱ्या पोरावर किंवा फार तर ‘सॉफ्टवेअरवाल्यां’वर. हे ॲप नेमके कुणासाठी आहे, पावसात चिखलात उभ्या असलेल्या माणसाला ते चालवता येईल का आणि नाही आले तर काय बदलायचे, हे ठरवणे ज्याचे काम त्या माणसाचा विषयच कुठे निघत नाही. खासगी कंपन्यांत या कामाला प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांमध्ये या हुद्द्याची सध्या मोठी चर्चा आहे. त्याबद्दलचे गैरसमजही कमी नाहीत.

हा हुद्दा आला कुठून?

साबणातून. मे १९३१ मध्ये अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय या तरुण अधिकाऱ्याने तीन पानी टिपण लिहिले. तो ‘कॅमे’ साबणाची जाहिरात पाहत असे आणि कंपनीचाच ‘आयव्हरी’ साबण कॅमेला झाकोळून टाकत होता. एका ब्रँडचे विक्रीपासून जाहिरातीपर्यंत सगळे पाहणारा आणि त्याच्या यशापयशाची जबाबदारी घेणारा एक स्वतंत्र माणूस असावा, अशी त्याची मागणी होती. कंपनीने ती मान्य केली. मॅकेलरॉय पुढे कंपनीचा अध्यक्ष आणि त्यानंतर अमेरिकेचा संरक्षणमंत्रीही झाला.

ही कल्पना नंतर संगणक कंपन्यांनी उचलली. साबणाच्या ब्रँडचा सांभाळ करणारा माणूस आणि सॉफ्टवेअरमध्ये काय असावे ते ठरवणारा माणूस यांचे काम हळूहळू बरेच वेगळे झाले, हुद्द्याचे नाव मात्र जवळपास तेच राहिले. आपल्याकडच्या औषध कंपन्यांत आजही ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ म्हणजे मार्केटिंग विभागातला माणूस. एखाद्याच्या काकांनी औषध कंपनीत हे पद भूषवलेले असते आणि पुतण्या सॉफ्टवेअर कंपनीत त्याच पदासाठी मुलाखत देतो. दोघांचे घरात जमत नाही यात नवल नाही.

मॅनेजर म्हणजे साहेब का?

नाही. सर्वांत मोठा गोंधळ या एका शब्दाने घातला आहे. कोड लिहिणारे अभियंते, पडदा कसा दिसावा ते ठरवणारे डिझायनर, चाचणी घेणारे टेस्टर यांपैकी कुणीही सहसा प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली नसते. त्यांची पगारवाढ, सुटी, बदली यांवर त्याचा अधिकार चालत नाही. त्याला त्यांना पटवावे लागते. पटवण्यासाठी त्याच्याकडे असते ती वापरणाऱ्याविषयीची पक्की माहिती आणि ‘हे आधी का, ते नंतर का’ याचे उत्तर.

‘प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे त्या उत्पादनाचा छोटा सीईओ’ हे वाक्यही सर्रास ऐकू येते. नव्वदच्या दशकात नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या बेन होरोविट्झ यांनी आपल्या लोकांसाठी लिहिलेल्या एका टिपणातून ही तुलना रूढ झाली. त्यांचा रोख जबाबदारीवर होता. ऐकणाऱ्यांनी त्यातली खुर्ची तेवढी लक्षात ठेवली. सीईओ माणूस नेमू शकतो, काढू शकतो, पैसा वळवू शकतो. प्रॉडक्ट मॅनेजरला यातले बहुतेक काही करता येत नाही, तरी उत्पादन फसले की पहिला प्रश्न त्यालाच विचारतात. गावच्या लग्नात मांडव, आचारी, वाजंत्री यांपैकी काहीच स्वतःचे नसताना सगळे वेळेवर आणि पाहुण्याच्या पसंतीस उतरेल असे पार पाडणारा जो एक मामा असतो, त्याच्याशी ही तुलना जास्त जुळते.

मग प्रोजेक्ट मॅनेजर आणि प्रॉडक्ट मॅनेजर यांत फरक काय?

नावे सारखी वाटतात, त्यामुळे जाहिरातींतही सरमिसळ होते. प्रोजेक्ट मॅनेजर ठरलेले काम ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पैशात पूर्ण होते की नाही ते पाहतो. ते काम मुळात करावे का आणि त्याने कुणाचा प्रश्न सुटला, हे पाहणे प्रॉडक्ट मॅनेजरकडे येते. हा फरक पुस्तकी वाटू नये म्हणून पुन्हा मुलचेऱ्याच्या बांधीत जाऊ.

पूर्वी पिकांची नोंद तलाठी करत. एका साझ्यात अनेक गावे, प्रत्येक शेतात जाणे अवघड. गाव नमुना बारामध्ये अनेकदा मागच्या वर्षीचेच पीक पुढे ओढले जाई. राज्य सरकारने टाटा ट्रस्ट्सच्या सहकार्याने तयार झालेले ‘ई-पीक पाहणी’ ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू केले. शेतकरी स्वतः शेतात जाऊन पिकाचा फोटो काढेल, ॲप त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवेल आणि नोंद सातबाऱ्यावर येईल, अशी ही रचना. कल्पना निर्विवाद चांगली. मुदत पाळून ॲप आले, म्हणजे प्रकल्प म्हणून काम झाले.

प्रॉडक्ट म्हणून प्रश्न इथून सुरू होतात. गडचिरोली जिल्ह्याचा जवळपास ७० टक्के भाग जंगलाखाली आहे. खरिपाची नोंद करण्याचे दिवस ऐन पावसाळ्यातले. मोबाइलची रेंज गावात मिळाली तरी शेतात मिळेलच असे नाही. म्हणून पहिला निर्णय : रेंज नसताना माहिती फोनमध्ये साठवून नंतर पाठवता आली पाहिजे. ई-पीक पाहणीत तशी सोय आहे आणि तिच्याशिवाय हे ॲप इथे उभेच राहिले नसते. इथे एक तांत्रिक गैरसमजही दूर करायला हवा. ‘रेंज नाही म्हणून जीपीएस लागत नाही’ असे गावोगाव ऐकू येते. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, ते उपग्रहाच्या संकेतावर चालते. ढगांनीही ते फारसे अडत नाही, दाट झाडीखाली मात्र त्याची अचूकता घटते. शेतकऱ्याला हे माहीत असण्याची गरज नाही. पडद्यावर ‘जागा सापडली, माहिती नंतर पाठवली जाईल’ असा साधा मराठी संदेश दिसला तर तो निर्धास्त घरी जाईल. नुसते गोल चाक फिरत राहिले तर तो फोन बंद करेल. संदेशात काय लिहायचे हा ‘किरकोळ’ निर्णय इतका महत्त्वाचा असतो.

दुसरा निर्णय फोटोचा. आजच्या फोनमधला फोटो सहज ४ एमबीचा असतो. सेकंदाला १०० किलोबिट इतक्याच वेगाने डेटा जात असेल, तर तो पाठवायला पाच मिनिटांहून अधिक लागतील. तोच फोटो २०० केबीपर्यंत लहान केला तर पंधरा-सोळा सेकंद पुरतात. पण फार लहान केला, तर पडताळणीच्या वेळी धान आहे की नुसते गवत, ते ओळखू येणार नाही. कुठे थांबायचे? अभियंता म्हणेल दोन्ही शक्य आहे. महसूल खाते म्हणेल फोटो स्पष्ट हवा. शेतकरी म्हणेल लवकर जाऊ दे. तिघांचे ऐकून एक आकडा ठरवणे आणि तो का ठरवला हे लेखी सांगणे, हे प्रॉडक्ट मॅनेजरचे खरे काम. आकडा चुकला तर पुढच्या हंगामाआधी तो बदलणेही त्यातच आले.

तिसरा प्रश्न माणसांचा, आणि तो सर्वांत अवघड. मुलचेऱ्यात मराठीइतक्याच सहजपणे बंगाली, गोंडी-माडिया आणि तेलुगू कानावर पडतात. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांच्या वसाहती या तालुक्यात आहेत. जमीन वडिलांच्या नावावर, स्मार्टफोन मुलाकडे आणि मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला, असे घर समोर ठेवा. ओटीपी कुणाच्या फोनवर येणार? वनहक्क कायद्याखाली पट्टा मिळालेल्या शेतकऱ्याचे नाव खातेदारांच्या यादीत सापडले नाही, तर त्याने पुढे कोणते बटण दाबायचे? ॲपमध्ये आणखी काय घालायचे यापेक्षा असे प्रश्न कार्यालयात बसून सुचत नाहीत, ही खरी अडचण आहे. त्यासाठी गावात यावे लागते, तेही रस्ता बंद असण्याच्या दिवसांत.

ॲप सुरू झाले की काम संपते?

ई-पीक पाहणीचाच पुढचा प्रवास याचे उत्तर देतो. १ ऑगस्ट २०२२ पासून ॲपची दुसरी आवृत्ती आली. शेतकऱ्याने केलेली नोंद स्वयंप्रमाणित मानायची आणि तलाठ्याने सरसकट सगळ्या नोंदी न तपासता १० टक्के तपासायच्या, असे ठरले. चूक झाली तर ४८ तासांत स्वतःच दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. आपण गटापासून किती दूर उभे आहोत, हे पडद्यावर दिसू लागले. आधारभूत भावाने विक्री करायची आहे का, हेही तिथेच विचारले जाऊ लागले. पुढे केंद्राच्या धर्तीवर डिजिटल क्रॉप सर्व्हेचे ॲप आले आणि शेतकऱ्याकडून राहिलेल्या नोंदींसाठी गावपातळीवर सहायकांची योजना झाली.

यातली ४८ तासांची सोय वरवर छोटी दिसते. पण चुकून धानाऐवजी तूर निवडली गेली, तर आधी शेतकऱ्याला दुरुस्तीसाठी कार्यालय गाठावे लागे. ज्या घराला तालुक्याला जाण्यात एक दिवसाची मजुरी बुडते, त्याच्यासाठी ही सोय कोणत्याही नव्या आकर्षक सुविधेपेक्षा मोलाची आहे. सहायकांची योजना तर त्याहून बोलकी. सगळे शेतकरी स्वतः नोंद करतील, हे मूळ गृहीतक पुरते खरे ठरले नाही, हे त्यातून मान्य झाले. उत्पादनाचे गृहीतक मोडले की ते धरून न बसता रचना बदलायची, हाही या कामाचा भाग.

ग्राहक मागेल ते देणे म्हणजेच हे काम का?

इथे गडचिरोलीकडे सांगण्यासारखे फार जुने आणि चांगले उदाहरण आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था १९८६ पासून या जिल्ह्यात काम करते. प्रॉडक्ट मॅनेजर हा शब्द तेव्हा इथे कुणाच्या कानावरही नव्हता. त्यांनी जे केले ते मात्र या कामाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात पहिल्या तासाला शिकवावे असे आहे.

लहान मुलांच्या मृत्यूंमागे न्यूमोनिया हे मोठे कारण होते. तो ओळखण्याची खूण सोपी असते : बाळ एका मिनिटात किती श्वास घेते ते मोजायचे. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा अधिक श्वास असतील तर धोका समजायचा. गावात डॉक्टर नव्हता, दाई होती. पण अनेक दाईंना दहा-बाराच्या पुढे आकडे मोजता येत नव्हते आणि घड्याळ वाचता येत नव्हते.

अशा वेळी सर्वसाधारण उत्तर काय येते? दाईंना प्रशिक्षण द्या, आकडे शिकवा. किंवा शिकलेली माणसे नेमा. आजचा काळ असता तर कुणीतरी लगेच ॲप सुचवले असते. सर्चने प्रश्नच बदलला. शंभरपर्यंत मोजायला शिकवण्याऐवजी, दहापर्यंत मोजता येणाऱ्या बाईला निदान करता येईल असे साधन बनवता येईल का? त्यातून ‘ब्रेथ काउंटर’ तयार झाला. मण्यांची पाटी आणि सोबत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी धोक्याच्या मण्यापर्यंत पोहोचलात, तर न्यूमोनिया. बॅटरी नाही, अक्षर नाही, आकडा नाही.

दाईंनी हे साधन मागितले नव्हते, कारण असे काही असू शकते हेच कुणाला ठाऊक नव्हते. अडचण त्यांची होती, उपाय शोधणे संस्थेचे काम होते. ‘ग्राहक मागेल ते द्या’ आणि ‘ग्राहकाला काय कळते’ या दोन्ही टोकांना इथे जागा नाही.

त्यापुढचा टप्पा तर बहुतेक कंपन्याही टाळतात. साधन वाटून झाले, दाईंचे प्रशिक्षण झाले, एवढ्यावर यश जाहीर न करता ही सेवा दिलेली गावे आणि न दिलेली गावे यांची तुलना केली गेली. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेवा मिळालेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू दुसऱ्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते. मोजायचे ते मृत्यू, वाटलेली यंत्रे नव्हे. पुढे नवजात बाळांच्या घरपोच काळजीचा प्रयोगही याच शिस्तीने झाला, १९९९ मध्ये तो लॅन्सेटमध्ये आला आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा सेविकांमार्फत ही पद्धत देशभर नेण्याचे ठरवले.

सर्चच्या दवाखान्याची गोष्टही याच वळणाची. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनाच विचारले गेले. मोठ्या इमारतीची भीती, पांढरे कपडे घातलेली माणसे, नातेवाइकांना बाहेर काढणे अशी कारणे पुढे आली. मग शोधग्राममध्ये वस्तीसारखा, झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. आर्किटेक्टला नेहमीचा नकाशा दिला असता तर इमारत वेळेत पूर्ण झाली असती आणि रिकामी राहिली असती.

हे काम कुणीच केले नाही तर?

२०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. त्याच वर्षी ‘पोषण ट्रॅकर’ हे केंद्राचे नवे ॲप आले होते. ते मराठीत नव्हते. फोन आधीच्या ॲपच्या काळात दिलेले, कमी क्षमतेचे. ते तापतात, अडकतात, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडतो, अशा तक्रारी होत्या. माहिती भरली नाही तर मानधनावर परिणाम होण्याची भीती वेगळीच. ॲपमध्ये नंतर मराठी आली.

फोन खरेदी करणारे वेगळे, ॲप बनवणारे वेगळे, ते वापरायला लावणारे वेगळे. प्रत्येकाने आपापले काम कागदोपत्री पूर्ण केले होते. बाळाचे वजन करून झाल्यावर, एका हातात रजिस्टर आणि दुसऱ्या हातात तो फोन घेतलेल्या बाईपर्यंत हे सगळे एकत्र कसे पोहोचते, हे पाहणारा कुणी नसावा असेच यावरून दिसते. या आंदोलनाकडे केवळ कामगार प्रश्न म्हणून पाहिले गेले. ते उत्पादनाचे अपयशही होते.

उलट उदाहरण चहाच्या टपरीवर सापडते. क्यूआर कोडने पैसे येऊ लागले तेव्हा दुकानदाराची अडचण पैसे घेण्याची नव्हती, आल्याची खात्री करण्याची होती. हात दुधाचे, समोर गर्दी, खिशातून फोन काढून संदेश कोण पाहणार? रक्कम मोठ्याने सांगणारा छोटा डबा हे त्याचे उत्तर होते. साध्या बटणाच्या फोनवरून पैसे पाठवता यावेत म्हणून मार्च २०२२ मध्ये आलेली ‘यूपीआय १२३ पे’ सेवाही याच विचारातली.

कोडिंग, एमबीए, आयआयटी... काय लागते?

या हुद्द्याला परवाना लागत नाही, ठरावीक पदवीही नाही. त्यामुळेच ‘सहा आठवड्यांत प्रॉडक्ट मॅनेजर’ छापाच्या अभ्यासक्रमांचा बाजार तेजीत आहे. संज्ञा आणि पद्धती त्यातून कळतात. केवळ प्रमाणपत्रावर नोकरी मिळेल, हे मात्र गृहीत धरू नये. कर्ज काढून असा अभ्यासक्रम करण्याआधी तर दहादा विचार करावा. नवख्यांना थेट घेणाऱ्या योजना आहेत, गूगलने २००२ मध्ये सुरू केलेली प्रशिक्षणार्थी योजना त्यांतली सर्वांत परिचित, पण अशा जागा थोड्या असतात. बरेच जण आधी कोडिंग, टेस्टिंग, ग्राहक साहाय्य किंवा माहितीचे विश्लेषण यांत काही वर्षे काढून इकडे वळतात.

रोज कोड लिहावा लागत नाही. पण माहिती फोनमधून सर्व्हरपर्यंत कशी जाते, कुठे अडते, एखादा बदल दोन दिवसांचा की दोन महिन्यांचा, याचा अंदाज नसेल तर अभियंते फार काळ ऐकून घेत नाहीत. आकडेवारी स्वतः काढून पाहता यावी इतके एसक्यूएल शिकून घेतलेले बरे. इंग्रजीही लागते, ते नाकारण्यात अर्थ नाही. मुलाखती बहुधा त्याच भाषेत होतात आणि नोकऱ्या पुणे, बंगळूरु, हैदराबादेत आहेत. त्यातले हैदराबाद मुलचेऱ्याला मुंबई-पुण्यापेक्षा बरेच जवळचे.

मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न असा असतो : ‘तुम्ही वापरता त्या एखाद्या ॲपमध्ये काय बदलाल, आणि का?’ उमेदवार बहुतेक वेळा जेवण मागवण्याच्या किंवा गाणी ऐकण्याच्या ॲपचे नाव घेतात. मुलचेऱ्यात किंवा आष्टीत सेवा केंद्रावर बसून दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज भरणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे याहून सकस उत्तर असू शकते. कोणत्या पडद्यावर माणसे परत फिरतात, कोणता संदेश वाचून घाबरतात, कुणाचा ओटीपी कुणाच्या फोनवर जातो, हे त्यांना रोज दिसते. महिनाभर त्याची वहीत नोंद ठेवायची : तारीख, कोणते काम, कुठे अडले, शेवटी कसे सुटले. मग त्यातली एकच अडचण निवडायची आणि ती सोडवल्याने किती जणांची तालुक्याची फेरी वाचेल, त्याचा हिशेब मांडायचा. मुलाखत घेणारा पुढे विचारेल, की बाकीच्या अडचणी का सोडल्या. त्याचे उत्तर आधीच तयार ठेवावे.